परत करायची गाडी

एक तारखेला सकाळी आमच्या आळीतून एक रिकामी तीनचाकी जायची. पाय नसलेल्या माणसाने हाताने दांडा फिरवून चालवायची असते, तसली. तिच्यामागे एस.टी.चा खाकी गणवेश कडक इस्त्रीत घातलेले भाऊ सुर्वे. एका हाताने गाडी ढकलायची, दुसऱ्या हातात छत्री. मार्चच्या उन्हातही ती छत्री असायची आणि मिटलेली असायची. रत्नागिरीतल्या माणसाने आभाळावर विश्वास ठेवू नये असं ते म्हणत. ऊन हे मात्र त्यांच्या लेखी आभाळात मोडत नसावं.

आळीच्या तोंडाशी जांभ्याचा उतार होता. तिथे भाऊ गाडीच्या पुढे यायचे आणि पाठ लावून तिला अडवत, एकेक पाऊल जपून टाकत खाली उतरायचे. हातब्रेक होता, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. खाली बाजाराच्या कोपऱ्यावर कादरभाईंचं सायकलचं दुकान. तिथे गाडी लावायची, भाडं चुकतं करायचं आणि म्हणायचं, "कादरभाई, गाडी जमा करून घ्या."

"सुर्वेसाहेब, ठेवा ना घरीच. संध्याकाळी परत न्यायचीच आहे."

"महिना संपला. जमा करून घ्या."

मग कादरभाई गाडी आत घेत, साखळीला तेल घालत, हवा भरत. संध्याकाळी ड्यूटी संपवून भाऊ पुन्हा दुकानात हजर. "गाडी एक महिन्याकरता पाहिजे होती," असं पहिल्यांदाच विचारावं तसं विचारत. सात-आठ वर्षं हे चाललं होतं. आळीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. एक तारीख म्हणजे पगार, रेशन आणि भाऊंची रिकामी गाडी.

गाडी त्यांच्या कुंदाची. म्हणजे बसायची ती, मालकी कादरभाईंची. कुंदा लहान असताना तापात तिचे दोन्ही पाय गेले. मी त्या आळीत राहायला गेलो तेव्हा ती शाळेत होती आणि मी एका पतपेढीत नुकता कारकून लागलो होतो. भाऊंच्या आणि माझ्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला ऐकू यायचं आणि ऐकू येत नाही असं दाखवणं हा शेजारधर्म मला फार लवकर शिकावा लागला.

भाऊ स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे कर्ण्यावरून सांगायचं काम. आवाज खणखणीत, सगळ्या बाजारपेठेला पोचणारा. पण घरी आले की तो आवाज स्टँडवरच ठेवून आल्यासारखे बोलायचे. काकू तर म्हणायच्या, "ह्यांना काही विचारायचं असेल तर तिकीट काढून स्टँडवर जावं लागतं."

त्यांचा एक ठरलेला शब्द होता. "येतेय." देवरूखची गाडी दोन तास आली नाही, बायाबापड्या कच्च्याबच्च्यांसकट खिडकीशी गर्दी करू लागल्या की भाऊ म्हणायचे, "येतेय. बसा सावलीत." गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप टेबलावर असला तरी "येतेय." एकदा मी स्वतःच त्या गर्दीत होतो. मी खिडकीतून हळूच विचारलं, "भाऊ, खरं सांगा." ते म्हणाले, "रद्द म्हटलं तर ही माणसं आत्ता कुठे जातील? दुसरी गाडी सोडायला सांगितलीय. ती मिळेपर्यंत तरी येतेयच म्हणू." दुसरी गाडी मिळाली, पण अंधार पडल्यावर. मी चिडलो होतो. तोपर्यंत मी चालत अर्ध्या वाटेत गेलो असतो. पण माझ्या बाजूला बसलेली म्हातारी शांत होती. भाऊ येतेय म्हणाले ना, मग येतेय.

घरी आले की गणवेश उतरवून, हातपाय धुऊन ते पहिलं काम करायचे ते तेलाचं. देवरूखच्या बाजूच्या एका वैद्याने कधीकाळी तेल करून दिलं होतं. संपलं की कुणा ड्रायव्हरबरोबर बाटली धाडायची, कुणा कंडक्टरबरोबर भरून यायची. कुंदा भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसायची आणि भाऊ तिचे काटकुळे पाय मांडीवर घेऊन टाचेपासून गुडघ्यापर्यंत चोळायचे. तेलाचा तो उग्र वास फळ्यांतून माझ्या आमटीत यायचा.

"आज टाच जरा ऊन लागतेय गो," ते म्हणायचे.

"हं," कुंदा पान उलटायची.

"काल एवढी नव्हती."

"हं."

मिरजेला झालं, मुंबईला झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं होतं. ते काकूंना ठाऊक होतं, आळीला ठाऊक होतं. भाऊंच्या कानात ते शिरलं आणि तिथेच कुठेतरी बसून राहिलं. हेदवीच्या दशभुज गणपतीला त्यांनी नवस केला होता, पोरीला पायांनी चालवत दर्शनाला आणीन म्हणून. त्यामुळे घरातलं कुणी हेदवीला जात नव्हतं.

आळीतली माणसं भाऊंना चिकट म्हणायची. मला ते पटायचं नाही, कारण छत्री घ्यायची तर ते सगळ्यांत महागाची घ्यायचे, कुंदाची पुस्तकं नवी घ्यायचे, काकूंना गणपतीत लुगडं हातमागाचं. मग गाडीच तेवढी भाड्याची का? मी पतपेढीतला माणूस. नोकरीत मुरलेला नसलो तरी आगाऊपणा पुरेसा होता. एका रविवारी ओट्यावर बसलो असताना मी त्यांना समजावलं. "भाऊ, आजवर भाड्यात गेले त्यात दोन गाड्या आल्या असत्या. आमच्याकडून कर्ज काढा, नवी घ्या. भाड्याने घेणं परवडतं ते चार दिवसांच्या वापराला. कायम वापरायची वस्तू विकतच घ्यावी."

भाऊ छत्रीच्या काड्या तपासत होते. म्हणाले, "तुमचा हिशेब बरोबर आहे."

"मग?"

"विकत घेतलेली गाडी परत कुठे करायची?"

आतून कुंदाच्या पुस्तकाचं पान वाजायचं थांबलं होतं. त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही. माझ्या हिशेबातला 'कायम' हा शब्द त्या माणसाच्या अंगावर किती जोरात गेला असेल, हे मला उठल्यावर कळलं.

कुंदा मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली. हात तिचे जबरदस्त. आठ वर्षं दांडा फिरवून मनगटं लोखंडाची झालेली, टाइपरायटरवर बोटं पडली की मशीन बिचारं दबून असायचं. बाजारात जिथे ती शिकली त्या टायपिंगच्या क्लासच्या बाईंनी तिला सांगितलं, नव्या महिन्यापासून सकाळच्या मुलींना तूच शिकव. घरात आनंद झाला. काकूंनी शिरा केला, मलाही वाटी आली. दोन तारखेपासून जायचं होतं.

आणि एक तारखेला सकाळी भाऊ रिवाजाप्रमाणे गाडी जमा करून आले.

त्या दिवशी कादरभाई राजापूरला लग्नाला गेले होते. दुकानावर त्यांचा भाऊ बसला होता. तो कधीमधी येणारा, त्याला भाऊंचा रिवाज ठाऊक नाही. दुपारी गुहागर तालुक्यातला एक माणूस आला. तीनचाकी शोधत फिरत होता. समोर तेल घातलेली, हवा भरलेली गाडी उभी. विकायची का? ती विकायलाच तर आली होती मूळची, कुणा वारलेल्या माणसाच्या घरून. याने विकली. त्या माणसाने ती हातगाडीवर घालून स्टँडवर आणली, हमालाला हाताशी धरून गुहागर गाडीच्या टपावर चढवली आणि बांधली.

भाऊ आत कर्ण्याशी होते. त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात पुकारलं, चिपळूणमार्गे गुहागरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. आणि गाडी सुटली.

संध्याकाळी दुकानात गेल्यावर सगळं कळलं. स्टँडवरच्या हमालाने नंतर सांगितलं, "भाऊ, मी चढवली ती. तुमची म्हनून वळखली नाय. रिकामी होती ना." दुसऱ्या दिवशी कादरभाई परत आले ते तडक आळीत. दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. "सुर्वेसाहेब, मी जाऊन घेऊन येतो. पाया पडून आणतो."

"तुमच्या भावाची चूक नाही," भाऊ म्हणाले. "मी जमा केली होती. जमा केलेली गाडी दुकानाची."

रिक्षा होती. पण रिक्षात बसायचं तर कुणीतरी उचलून आत ठेवायचं, उतरताना कुणीतरी उचलून बाहेर काढायचं. कुंदा एकोणीस वर्षांची. भाऊंनी रिक्षा दारात आणली तेव्हा ती म्हणाली, "उचलायला मी काय पाटा-वरवंटा आहे? गाडी असेल तर जाईन." रिक्षा परत गेली. क्लासच्या बाईंनी निरोप धाडला की आठवडाभर मी कशीबशी सांभाळते, पुढे मला दुसरी मुलगी बघावी लागेल.

कादरभाईंनी कोल्हापूरहून नवी गाडी मागवतो म्हटलं. भाऊ म्हणाले, "नवी भाड्याने मिळेल का?" कादरभाईंनी माझ्याकडे बघितलं. नवी गाडी कोण भाड्याने देतं? भाऊ म्हणाले, "मग जुनीच आणू." पत्ता हमालाकडून मिळाला, हेदवीच्या अलीकडची वाडी. काकू मला म्हणाल्या, "तुम्ही जा हो बरोबर. हे तिथे जाऊन काय बोलतील, नाही बोलतील, काही भरवसा नाही."

आम्ही जयगडला गेलो, तिथून तरीने खाडी ओलांडून पलीकडे. मग तांबड्या धुळीची वाट आणि कातळावरचं ऊन. भाऊ रजा टाकून आले होते तरी गणवेशातच होते. वाटेत एकच वाक्य बोलले, "गिऱ्हाईक बरा माणूस असेल तर देईल." पाय ओढत होते. मी त्यांना दमलेलं आधीही पाहिलं होतं, पण ते ड्यूटीचं दमणं असे. हे वेगळं होतं.

घर पोफळींच्या बागेत होतं. सारवलेल्या अंगणात चाकांचे गोल गोल ठसे उठले होते आणि गाडी आमच्यासमोर होती. दांड्याला झेंडूची माळ, पुढे लिंबू-मिरची. तिच्यात माझ्याच वयाचा एक उघडा माणूस बसून अंगणभर फेऱ्या घालत होता. सुपारी काढताना पोफळीवरून पडलेला, कमरेखाली सगळं गेलेलं. त्याचा थोरला भाऊ पुढे आला, पाणी आणलं. भाऊंनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "ही गाडी माझ्या मुलीची होती."

थोरला गडबडला. "पन आमी पैसं देऊन घेतलीय वो. दुकानदारानंच दिलीन."

"हो. तुमची चूक नाही."

बसलेला माणूस गाडी फिरवून जवळ आला. "पोरगी किती वर्सं चालवत व्हती?"

"सात-आठ."

"आनि इकत नाय घेतलीत?"

"बरी झाली की परत करायची होती."

तो हसला नाही. जरा वेळ भाऊंच्या गणवेशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला बी सगळी असंच सांगायची, आज नाय उद्या उठशील. ह्यो माजा भाव मुंबयची नोकरी सोडून हिथं येऊन बसला. सकाळी डोळं उघडलं की ह्याचं तोंड समोर. मी उठतोय काय म्हनून बगायचा. माजं पाय ऱ्हायलं बाजूला, मला ह्याचं तोंडच बगवं ना. मंग मीच म्हटलं, मला गाडी बग. तवापासून ह्यो दोन घास जेवतोय तरी." त्याने गाडी भाऊंच्या आणखी जवळ घेतली. "तुमची पोरगी काय म्हनते?"

भाऊंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. म्हणाले, "तिला विचारलं नाही कधी."

थोरला म्हणाला, "पोरीचा परश्न हाय. न्यायची असंल तर न्या. आमी दुसरी बगू." म्हणाला खरा, पण त्याचा हात गाडीच्या दांड्यावरून निघाला नाही.

"नको," भाऊ म्हणाले. ते खाली बसले, मागच्या चाकावर अंगठा दाबून बघितला. "ह्यात हवा कमी आहे, चढावर जड जाईल. पावसाळ्यात साखळीला तेल घाला, गंजते. हातब्रेकवर जाऊ नका. उतारावर पुढे माणूस ठेवा." थोरला मान हलवत होता. मग भाऊ उठले आणि आम्ही निघालो.

हेदवीचं देऊळ तिथून दूर नव्हतं. भाऊ आपणहून तिकडे वळले. मी नमस्कार करून बाहेर आलो, चपला घातल्या, झाडाखाली बसलो. भाऊ बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. घाम असेल असं मी धरून चाललो. खाली उतरताना तेच म्हणाले, "नवस होता माझा. म्हटलं, राहू दे आता. इतकी वर्षं उगाच तुम्हाला अडकवून ठेवलं." ते हे गणपतीविषयी बोलत होते, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आम्हा कोकणातल्या पुरुषांना हात कसा धरायचा ते कुणी शिकवत नाही.

त्या रात्री फळ्यांच्या भिंतीपलीकडे तेलाचा वास आला आणि मग भाऊंचा तो घरातला बारीक आवाज.

"कुंदा, तुला काय वाटतं गो?"

"कशाचं?"

"पायांचं."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "मला शाळेत असतानाच कळलं होतं, भाऊ."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही रोज तेल लावता. कसं बोलायचं?"

काकूंच्या बांगड्या वाजल्या. मग कुंदाच म्हणाली, "तेल लावा की. बरं वाटतं मला. पण गाडी माझी आणा. एक तारखेला मी घरात बसायची नाही आता."

मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. इतकं ऐकणं शेजारधर्मात बसत नव्हतं.

कोल्हापूरहून गाडी यायला आठवडा पुरला नाही, पण कादरभाई स्वतः क्लासच्या बाईंकडे जाऊन मुदत मागून आले. त्याच सुमारास माझी देवरूखच्या शाखेत बदली झाली. मी सामान बांधत होतो त्या सकाळी गाडी आली. निळी, कोरी, चाकांवरचा कागदही न काढलेला. भाऊंनी ती आळीत आणली ती मान खाली घालून, कुणी बघू नये अशी. दाराशी लावली आणि आत जाऊ लागले.

कुंदा उंबऱ्यावर बसली होती. "नारळ कुठाय?"

"कसला नारळ?"

"नवी गाडी घेतली की नारळ फोडतात. आणि पेढे?"

"कुंदा, ह्याचे पेढे..."

"क्लासच्या बाईंनी स्कूटर घेतली तेव्हा पेढे वाटले. माझी पहिली गाडी आहे. मला पाहिजेत पेढे."

काकूंनी आतून नारळ आणून दिला. कुंदाने हळदकुंकू मागितलं, सरकत सरकत गाडीपाशी गेली आणि पुढच्या चाकाला आपल्या हाताने स्वस्तिक काढलं. भाऊंनी जांभ्याच्या पायरीवर नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. मग गाडीबरोबर आलेले कादरभाई गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कुंदाने तो भाऊंच्या हातात दिला. "आळीत देऊन या. तुम्हीच द्या."

मी दारातच उभा होतो, म्हणून पहिला पेढा माझा. तो माझ्या हातावर ठेवताना त्यांनी वर बघितलं नाही. पलीकडचं दार गोदाआजींचं. ऐंशीची म्हातारी, डोळ्यांनी अधू. कुंदा तान्ही असताना तिला हिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. भाऊंच्या हातात पेढ्यांचा पुडा आहे एवढं तिला दिसलं आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला.

"भाऊ! कुंदी चालायला लागली काय रे?"

आळीत सगळी दारं उघडी होती. कुंदा गाडीत चढून बसली होती, दांडा हातात धरून, वडिलांकडे बघत.

"नाही आजी," भाऊ म्हणाले. स्टँडवरचा आवाज होता तो, आळीच्या टोकापर्यंत गेला. "गाडी घेतली तिला. विकत घेतली."

आजीने त्यांचा दंड सोडला नाही. भाऊंनी पुड्यातून एक पेढा काढला, तिच्या सुरकुतलेल्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटून दिली. "गोड करा तोंड," म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.